कोऱ्या टेपवरची सावली

१

सकाळी उठल्यावर वायरबाई आधी यंत्राचा खटका दाबायच्या आणि मग चहाचं आधण ठेवायच्या. हा क्रम त्यांच्या लग्नापेक्षाही जुना होता.

यंत्र म्हणजे त्यांचा सिंथेसायझर. मागच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यानं अडवली होती. गोल बटनं, खटके, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. तरुणपणी बाईंनी तो स्वतःच्या हातांनी, बोटं भाजून घेत, जोडला होता. गरम झाल्याशिवाय तो सुरात येत नसे. चहा उकळेपर्यंत तो सूर वर-खाली करत कुरकुरायचा आणि चहा संपेपर्यंत शहाण्यासारखा एका जागी उभा राहायचा. बाईंच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की या घरात रोज सकाळी दोघं जण कुरकुरत उठतात, पण चहा त्यातल्या एकालाच मिळतो.

कपबशी घेऊन बाई यंत्रापुढे बसायच्या, त्याही अनवाणी. खालचे सूर कानांपेक्षा तळपायांना आधी कळतात, हा त्यांचा जुना सिद्धांत. त्यामुळे घरात चप्पल त्यांनी कधी घातली नाही. ऐन थंडीतही नाही.

त्या दिवशी चहाला तिसरी एक होती. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीतली मुलगी. बाईंच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढायचं तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि ते निघता निघत नव्हतं. बाईंना ती मावशी म्हणायची, नवऱ्याला काका. माळ्यावरची टेपची रिळं तिनंच खाली उतरवली, तिनंच पुसली, आणि शिंकत शिंकत एक रीळ पुढे केलं.

"मावशी, हे अर्धवटच आहे. शेवट का नाही केलात?"

"एक माणूस कमी पडला," बाई म्हणाल्या.

त्यांनी रीळ टेप-मशीनवर चढवलं. यंत्राचा जुना, भरदार सूर खोलीत पसरला, वर चढला, थांबला. तिथून पुढे टेप कोरी होती. नुसती सूं सूं. आणि त्या सूं सूंमध्ये, फार लांबून, काहीतरी वाजत होतं.

"सावली पडलीय," मुलगी म्हणाली. तिला धंदा कळत होता.

सावली हा या कामातला रोजचा वैताग. टेप रिळावर थरावर थर गुंडाळलेली असते. एका थरावर मोठा आवाज असला, की तो शेजारच्या थरावर थोडासा उमटतो. मग टेप लावली की खरा आवाज यायच्या आधीच्या शांततेत तोच आवाज बारीक, पुसट ऐकू येतो. म्हणून जाणती माणसं टेप उलटी गुंडाळून ठेवतात. तशी ठेवली की सावली आवाजाच्या मागे पडते आणि झाकून जाते. हे रीळ मात्र बाईंनी रागाच्या भरात सुलटंच डब्यात कोंबलं होतं.

"म्हणजे आता मोठा आवाज येणार," मुलगी म्हणाली, आणि दोघी वाट बघत बसल्या.

आवाज आला नाही. टेप संपली, तिचं मोकळं टोक फट फट करत फिरत राहिलं. बाईंनी मशीन बंद केलं आणि थंड झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

२

वायरबाई हे नाव त्यांना व्हायोलिनवाल्यांनी दिलेलं. त्या काळी एका जाहिरातीला हॉलभर वादक लागायचे. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येकाच्या पुढ्यात कागद, मधल्या सुट्टीत भजी. बाई सुटकेसभर वायरी घेऊन आल्या आणि साबणाच्या जाहिरातीसाठी एक बुडबुडा वाजवून गेल्या. तो बुडबुडा इतका गाजला, की लहान मुलं तो तोंडानं काढायला लागली. मग त्यांनी फ्रिजचं दार वाजवलं, रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी एक अख्खा ग्रह वाजवला, सिनेमातली वादळं वाजवली. हळूहळू हॉलमधल्या खुर्च्या कमी झाल्या. त्यातल्या एका खुर्चीवरच्या माणसानं भांडायला म्हणून बाईंना गाठलं, ते भांडण रंगलं, आणि वर्षाच्या आत दोघांनी लग्न केलं.

"माझ्या पोटावर पाय दिला आणि मग जेवायला वाढलं," नवरा ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणायचा, आणि वर पोळी मागून घ्यायचा.

तो मजेत सांगायचा, पण यंत्रासोबत त्यानं कधी वाजवलं नव्हतं. बाईंची सगळ्यात मोठी रचना होती तीच अर्धी राहिलेली. शेवटी यंत्र गप्प होणार आणि एकटं व्हायोलिन पुढे जाणार, अशी जागा त्यांनी त्याच्यासाठी मुद्दाम मोकळी सोडली होती. तो स्टुडिओत आला, यंत्र ऐकलं, व्हायोलिनची पेटी न उघडताच घरी गेला. चाळीसेक वर्षं झाली त्याला. बाईंनीही हट्ट धरला. तुतारी, पक्षी, पाऊस, गर्दी, काय वाटेल ते त्यांनी यंत्रातून काढलं, पण व्हायोलिन कधी काढलं नाही. ती जागा त्याची होती. तो येईपर्यंत ती रिकामी राहणार होती.

मुलगी गेल्यावर बाईंनी दार लावलं, हेडफोन चढवले आणि सावली पुन्हा ऐकली. आवाज होता होईल तेवढा वाढवला.

व्हायोलिन होतं.

पहिला सूर थेट येत नव्हता. तो किंचित खालून यायचा, दारावर टकटक करून मग आत शिरावं तसा. असा सूर जगात एकच माणूस लावत होता आणि तो या वेळी स्वयंपाकघरात बिस्किटाचा डबा शोधत होता.

बाई बुद्धीनं चालणाऱ्या. आधी त्यांनी ठरवलं, टेप जुनी वापरलेली असणार. पण तिचं वेष्टण त्यांनीच फाडलं होतं, दातांनी, ते त्यांना लख्ख आठवत होतं. मग वाटलं, कुठलंतरी रेडिओ स्टेशन मध्ये शिरलं असेल. म्हणून त्यांनी त्यांच्या जुन्या मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस मशीनवर विश्वास ठेवायचा, माणसांवर नाही. त्यानं मीटर लावला, टेप चालवली आणि भिंग धरून बघितलं.

"सुई हलत नाही बाई. इथे काहीच भरलेलं नाही. कधी भरलंही नव्हतं."

"हेडफोन लाव."

त्यानं लावले. बराच वेळ तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग हेडफोन काढून रुमालानं नीट पुसले आणि जागेवर ठेवले.

"साहेब पुन्हा वाजवायला लागले वाटतं," एवढंच तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघाला. चहा न घेता तो या घरातून आजवर कधी गेला नव्हता.

३

"अगं, ऐकतेस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा मागच्या खोलीच्या दारात उभा होता. हातात व्हायोलिनची पेटी. तिच्यावरची धूळ त्यानं बाहीनं पुसली होती, त्यामुळे बाहीही गेली आणि पेटीही नीट पुसली गेली नाही.

"ती तुझी अर्धी राहिलेली रचना. ती पोरगी मला विचारत होती, काका, कोण कमी पडलं म्हणून. मी म्हटलं, मीच तो."

बाईंनी हातातली वायर खाली ठेवली.

"हाडांच्या डॉक्टरनं काल बोटं बघितली. म्हणाला, काय वाजवायचंय ते आताच वाजवून घ्या, पुढच्या वर्षी शर्टाची बटनं लावता आली तरी पुष्कळ." त्यानं हात पुढे केले. बोटांच्या सांध्यांना गाठी आल्या होत्या. "तेव्हा म्हटलं, बघू या. तुझा तो डबा गप्प बसणार असेल तर."

"तो गप्पच बसतो तिथे. तेव्हाही बसत होता. तुम्ही ऐकायला थांबला नाहीत."

"चुकलंच ते," तो म्हणाला, अगदी सहज, जणू कालची गोष्ट.

बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. इतक्या वर्षांचा हट्ट बिस्किटाएवढ्या आवाजात मोडला होता. संध्याकाळी शेजारीण दही मागायला आली तर बाईंनी तिला वाटीभर दही, वर साखर आणि विनाकारण एक मिठी दिली.

तो बाथरूममध्ये सराव करायला लागला. तिथे आवाज घुमतो, चुका झाकल्या जातात, असं त्याचं मत. बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या. पहिला सूर किंचित खालून आला. मग चार सूर वर, एक थांबा, आणि एक वळण, जे तो पूर्वी कधी घेत नसे. बोटं आता सरळ पोचत नव्हती, म्हणून त्यानं नवीनच वाट काढली होती.

ते वळण बाईंनी आदल्या दिवशी ऐकलं होतं. टेपवर. त्यानं ते आज काढलं होतं.

बाईंनी नळ बंद केला आणि हात पुसायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या.

४

पण खरं सांगायचं तर त्यांना भीतीपेक्षा आनंद जास्त झाला होता. टेपनं त्यांना शब्द दिला होता, की तो वाजवणार, आणि वाजवणार म्हणजे वाजवणार. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्या मुलीसारखं त्यांना राहवेना. तो फिरायला गेल्यावर त्यांनी सावली पुढे ऐकायला घेतली. पहिल्या दिवशी मुलीबरोबर ऐकताना शेवटचं इतकं पुसट आलं होतं की कळलंच नव्हतं, आणि हेडफोनवर त्यांनी ते वळण येईपर्यंतच ऐकलं होतं.

तो सुंदर वाजवत होता. अडखळत, पण सुंदर. गज लांब ओढत तो सगळ्यात वरच्या सुरावर गेला, तिथे ठरला, आणि तो सूर मध्येच तुटला.

मग खुर्ची पडल्याचा आवाज आला. लाकडी खुर्ची, फरशीवर. मग चपलांची धावती पावलं. मग नुसती सूं सूं, टेप संपेपर्यंत.

बाईंनी घाईनं मशीन बंद केलं. आयुष्यभर त्यांनी वादक पाहिले होते ते खुर्च्यांवर बसलेले. डोळ्यांपुढे लगेच तेच उभं राहिलं: वरचा सूर, हातातून निसटलेला गज, तोल जाणारी खुर्ची, आणि धावत जाणाऱ्या त्या स्वतः.

तो फिरून आला तेव्हा त्या दारातच होत्या.

"नको वाजवायला."

"आं?"

"बोटं दुखतील. तुमचं वय झालं. मला ती रचना आता आवडत नाही."

"यातलं खरं कुठलं ते सांग, म्हणजे त्यावरच भांडू," तो म्हणाला आणि कोपऱ्यावरून आणलेला पेरू कापायला बसला. संध्याकाळी पुन्हा बाथरूममधून सराव ऐकू येत होता.

मग बाईंनी त्यांना येत होतं ते केलं. टेप कापायची पट्टी काढली, नवं पातं लावलं, आणि वरचा सूर तुटायच्या अलीकडे टेप कापली. पुढचा तुकडा कात्रीनं बारीक बारीक करून केराच्या डब्यात टाकला, वर चहाचा चोथा ओतला. मुलीनं आणलेलं नवं रीळ घेतलं. सीलबंद होतं, कारखान्यातून आलेलं, माणसाचा हात न लागलेलं. त्यातली टेप त्यांनी कापलेल्या टोकाला जोडली. जोड इतका साफ होता, की नख फिरवलं तरी लागत नव्हता. हे हात अजून चालतात, याचं त्यांना त्या अवस्थेतही बरं वाटलं.

त्यांनी टेप लावली.

जोड मशीनच्या हेडखालून सरकला, नवी टेप सुरू झाली. वरचा सूर तुटला. खुर्ची पडली. पावलं धावली.

बाईंनी हेडफोन काढले. खोली नेहमीसारखीच होती. पडद्यातून ऊन येत होतं, यंत्राचे छोटे दिवे लागलेले होते, बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. आपलं डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासायला त्यांनी मनातल्या मनात तेराचा पाढा म्हटला. तो बरोबर आला, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं.

५

टेपपुढे हात टेकले, तरी खुर्च्यांपुढे टेकायची गरज नव्हती.

रेकॉर्डिंगच्या सकाळी, मुलगी यायच्या आत, बाईंनी मागच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून बाहेर नेल्या. घडीची खुर्ची, वेताची खुर्ची, पाय तुटलेला स्टूल, टीव्हीपुढे असते ती जड आरामखुर्ची, जी उगाचच तिथे आली होती. ती ओढताना त्यांना धाप लागली, छातीत काहीतरी कळ आल्यासारखं झालं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या, कळ गेली, मग उठून उरलेलं काम संपवलं. त्यांनी फरशीवर दोन गालिचे अंथरले, मेजाच्या कडेला उशी बांधली, आणि हाडांच्या डॉक्टरच्या जोडीला हृदयाच्या डॉक्टरचाही नंबर फोनजवळ लावून ठेवला.

नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसांना पाणी लावून भांग पाडला होता. पायात त्याच्या त्या जुन्या चपला, पट्टा सैल झालेल्या, फटक फटक वाजणाऱ्या.

"काका, चपला काढा ना. माइकमध्ये येतील," मुलगी म्हणाली.

"फरशी गार आहे. मी काय नाचणार आहे थोडाच? एका जागी उभा राहीन." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "हे काय, घर बदलतोय का आपण? खुर्च्या कुठे गेल्या?"

"तुम्ही उभं राहूनच वाजवा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बसायचं नाही. माझी शपथ आहे."

तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग खुदकन हसला.

"अगं, हॉलमध्ये सक्तीनं बसवायचे तेवढंच. ती नोकरी सुटल्यापासून मी कधी बसून वाजवलंय? तीच तर सगळ्यात मोठी मजा होती, तुझी कृपा. बाथरूममध्येसुद्धा उभाच असतो."

खरं होतं. बाईंना ते माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

त्यांनी खोलीत पाहिलं. यंत्र, टेप-मशीन, माइक, त्याच्यापुढे उभा नवरा, भिंतीला टेकून उभी मुलगी. आणि यंत्रापुढे एक लाकडी खुर्ची. गुडघ्यांमुळे बाईंना उभं राहून यंत्र चालवता येत नसे, म्हणून ती त्यांनी बाहेर नेली नव्हती. त्या तिच्यावरच बसल्या होत्या.

मग ती पावलं आठवली. चपलांची. फटक फटक, धावत, जवळ जवळ येणारी. बाईंनी खाली आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

म्हणजे हा नाही. एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला, आणि इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. म्हणजे याला काही होत नाही. त्यांना एकदम हसू फुटलं, आवरेना.

"काय झालं हसायला?" तो म्हणाला.

"काही नाही. भांग छान पाडलाय तुम्ही."

थांबवता आलं असतं. अजूनही खुर्ची ढकलून द्यावी, मुलीला परत पाठवावं, त्याच्या पुढ्यात पेरू कापून ठेवावा आणि दोघांनी गॅलरीत बसावं, असं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण त्यानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं होतं. गाठी आलेली बोटं तारांवर आपापली जागा शोधत होती, आणि पुढच्या वर्षी ती शोधणार नव्हती. शिवाय टेप म्हणते ते खरं कशावरून, एवढा प्रश्न बाईंच्या बुद्धीनं शेवटपर्यंत हातात धरून ठेवला. छातीतली सकाळची ती कळ त्यांना आठवली, तरी तो प्रश्न त्यांनी सोडला नाही.

त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काहीही झालं तरी टेप थांबवायची नाही. काका थांबले तरी नाही. टोक फट फट करेपर्यंत चालू द्यायची. ही जागा भरायला फार वेळ लागलाय."

"हो मावशी," मुलगी म्हणाली. तिला ते कलावंताचं वेड वाटलं असावं, तिनं मान डोलावली.

"सुरू करू या का, वायरबाई?" तो म्हणाला. या नावानं त्यानं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच हाक मारली होती.

बाईंनी तळपाय गार फरशीवर नीट टेकवले, खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली आणि रेकॉर्डिंगचा खटका दाबला. यंत्राचा सूर पसरला, वर चढला, थांबला. तेच जोडलेलं रीळ फिरत होतं. शांततेत सूं सूं होती, तिच्यात ती ओळखीची सावली होती, आणि आज ती फार जवळून येत होती.

मग पहिला सूर आला, किंचित खालून, दारावर टकटक करून आत शिरावं तसा. या वेळी मोठ्यानं.